फायलींच्या परवानग्यांची (कोण उघडू शकतो, कोण बदलू शकतो) वेगळी यादी ठेवायची, की नीट घेतलेला बॅकअप पुरे?

टर्मिनलवाला (जळगाव)
इथल्या एका डाळमिलच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या पोराने लिनक्स सर्व्हरवरचा शेअर (सामायिक फोल्डर) उघडत नाही म्हणून रूटवरून (सर्वाधिकारी युजरवरून) सरळ सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा देणारी कमांड) मारला, तोही मोठ्या आरसकट, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांना. एकही फाइल गेली नाही, पण पगारपत्रकापासून जीएसटीच्या फोल्डरपर्यंत सगळं सगळ्यांना उघडं. बॅकअप होता, पण एक्सफॅट डिस्कवर. एक्सफॅट ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) लिनक्सचा मालक, गट, परवानगी काहीच साठवत नाही. डेटा शाबूत, परवानग्यांचा पत्ता नाही.

माझं म्हणणं: रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा) गेटएफएसीएल या परवानग्या दाखवणाऱ्या कमांडला मोठा आर लावून यादी एका टेक्स्ट फाइलीत काढा. मालक, गट, परवानग्या, एसीएल (एकेका युजरला किंवा गटाला दिलेल्या जादा परवानग्या) सगळं तिच्यात येतं. परत लावायचं तर रूट होऊन सेटएफएसीएलला रिस्टोर सांगायचं. डेटाला हात लावावा लागत नाही.

तापीकाठ
भाऊ, दुखणं डिस्कचं आणि औषध यादीचं. एक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टीम) डिस्क घ्या आणि आरसिंक (फायलींची नक्कल करणारी कमांड) नीट चालवा. नुसता लहान ए लावला की सगळं आलं, असं अर्धं गाव समजतं. त्यात एसीएल नाहीत, एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) नाहीत, हार्डलिंकसुद्धा (एकाच फाइलीची दोन नावं) नाहीत. मोठा ए, मोठा एक्स, मोठा एच वेगळे द्यावे लागतात. एक्सफॅटच वापरायची असेल तर टार (सगळ्या फायलींचा एक गठ्ठा) करून ठेवा, मालक आणि तारखा त्याच्या पोटात राहतात. दोन ठिकाणी दोन नोंदी ठेवल्या की एक शिळी होणारच.

टर्मिनलवाला
दादा, गडबड दुपारी कळली. तोवर सकाळपासून बिलं फाडणं चालू. टार उलगडलात तर कालच्या फायली आजच्यांवर बसणार. परवानगी कालची आणि मजकूर आजचा, हे टारने कसं कराल?

तापीकाठ
टारने नाही, आरसिंकने. तारीख आणि आकार जुळला की तो मजकूर हलवत नाही, फक्त परवानगी दुरुस्त करतो.

टर्मिनलवाला
आणि जुळला नाही तर? नेमक्या आजच्या बिलांचाच तर प्रश्न आहे.

भुसावळ जंक्शन
काय भो, दोघं मिळून मुळावरच घाव चुकवताय. डाळमिलला हवंय काय? मोजके फोल्डर, दोन-चार गट. ते एका स्क्रिप्टमध्ये लिहा: कोणतं फोल्डर कोणत्या गटाचं, डिरेक्टरीवर सेटजीआयडी (आतल्या नव्या फायलींना तोच गट), डिफॉल्ट एसीएल (नव्या फायलींना आपोआप लागणारा). बिघडलं की स्क्रिप्ट चालवा. यादी काल काय होतं ते सांगते, आणि काल चुकीचंच असेल तर चूकही इमानेइतबारे परत आणते.

एक मात्र बघा. ७७७ झाल्यावर सीएचमॉडचा मोठा एक्स वापरू नका. तो डिरेक्टरीला आणि आधीच एक्झिक्युट (चालवण्याची परवानगी) असलेल्या फायलींना एक्झिक्युट देतो, आणि आता तर प्रत्येक फाइल एक्झिक्युट आहे. फाइंड या शोधणाऱ्या कमांडने फायली वेगळ्या, डिरेक्टऱ्या वेगळ्या काढा.

धुळ्याची दप्तरवाली
तुम्ही सगळे परवानग्यांवरच अडलात. आमच्याकडे मोडी कागदांचे स्कॅन आहेत, आम्हाला फायलींच्या तारखा (शेवटचा बदल कधीचा) हव्यात. इथं इतिहासाचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागद सांभाळतंय. कागद कोणत्या रुमालातून (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून) निघाला ही नोंद हरवली की तो असून नसल्यासारखा. स्कॅनच्या तारखेचं तसंच आहे. भुसावळच्या दादांची स्क्रिप्ट ती कुठून आणणार? आणि टर्मिनलवाले भाऊ, तुमच्या यादीतही तारीख नसतेच. फाइंडच्या प्रिंटएफने तारखा वेगळ्या काढाव्या लागतात आणि टच या तारीख बदलणाऱ्या कमांडने परत लावाव्या लागतात. डिरेक्टरीच्या तारखा सगळ्यात शेवटी, कारण आत नवी फाइल बनली की डिरेक्टरीची तारीख बदलते.

भुसावळ जंक्शन
ताई, बरोबर. स्कॅनला माझी स्क्रिप्ट चालणार नाही. डाळमिलबद्दल मात्र मी हटत नाही.

तापीकाठ
ताई, टचने कोणीही कोणतीही तारीख लावू शकतो. तिला पुरावा कसं मानता? सीटाइम (फाइलीत किंवा तिच्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला, ही सिस्टीमने स्वतः लिहिलेली वेळ) कोणाला सहज मागे नेता येत नाही, पण म्हणूनच तो रिस्टोरही होत नाही. स्कॅनची तारीख फाइलच्या नावात घाला.

धुळ्याची दप्तरवाली
पुढच्या स्कॅनना घालू. आधीच्या ढिगाची नावं काय घालू, ते त्या तारखेवरूनच ठरणार ना?

रावेरचा नवशिक्या
यादी काढून पाहिली. सुरुवातीचा स्लॅश काढतोय अशी सूचना आली. रिस्टोरला 'फाइल सापडत नाही' म्हणतो.

टर्मिनलवाला
पूर्ण पत्ता दिला की गेटएफएसीएल पुढचा स्लॅश खातो. म्हणून रिस्टोर रूट डिरेक्टरीत (नुसता स्लॅश, सगळ्यात वरची डिरेक्टरी) उभं राहून करायचा. नाहीतर शेअरच्या आत जाऊन टिंब (म्हणजे 'इथलंच फोल्डर') देऊन यादी काढा, आणि रिस्टोरही तिथूनच करा. सर्व्हर बदलणार असाल तर दोन्हीकडे युजरची नावं तीच आहेत ना, हे आधी तपासा. यादीत मालक नावाने लिहिलेला असतो.

भुसावळ जंक्शन
स्क्रिप्टला स्लॅशची कटकट नाही, एवढंच सांगस.