पानं सुरकुततात, चिकटतात, वही मिटत नाही: आर्ट जर्नलसाठी मदत हवी

मानपाडा_ठाणे: साध्या लाँगबुकात आर्ट जर्नल, म्हणजे तुकडे चिकटवून आणि रंगवून सजवलेली वही, चालू आहे. लग्नपत्रिकांचे तुकडे, मासिकांतली चित्रं, बसची तिकिटं आणि वरून अ‍ॅक्रिलिक. गम लावला की पानाला सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात समोरासमोरची रंगवलेली पानं चिकटली आणि उघडताना रंग सोलून निघाला. वही आता मिटतही नाही. शिवाय नवं कोरं पान समोर आलं की खराब होईल म्हणून हात चालत नाही. महागडं सामान न घेता काय करता येईल?

कागदकाम: सुरकुत्यांचं मूळ पाण्यात आहे. वहीचा कागद ६० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, म्हणजे पातळ. ओला झाला की तंतू फुगतात, वाळताना आकसतात, आणि सगळीकडे सारखे आकसत नाहीत. बरेच जण फेविकॉलमध्ये पाणी घालतात, त्याने दुखणं वाढतं. आधी तीन पानं ग्लू स्टिकने एकमेकांना चिकटवून एक जाड पान करा. मग हरभऱ्याएवढं फेविकॉल, पाणी न घालता, जुन्या एटीएम कार्डाने अगदी कडांपर्यंत ओढा. गम पातळ तुकड्याला लावायचा, जाड पानाला नाही. अर्धा मिनिट थांबा, तुकड्याला काय ताणायचं ते ताणू दे, मग मधोमध टेकवून सुती फडक्याने बाहेरच्या बाजूला दाबत जा. रात्रभर वजनाखाली.

रंगाआधी अस्तर हवं असेल तर दोन भाग पांढरं अ‍ॅक्रिलिक, एक भाग खडूची पूड, एक भाग फेविकॉल. पूड मलमलच्या कापडातून चाळली नाही तर कण राहतात. थर जाड दिला तर पान वाकवताना तडकतो, म्हणून दोन पातळ हात द्या.

वही फुगलीय त्यावर: एक सोडून एक पान कापा, पण शिलाईजवळ दोन सेंटीमीटरची पट्टी राहू द्या. पान मुळापासून उपटलं तर शिलाईच्या पलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. जाड पत्रिका तशीच चिकटवू नका. कोपरा ओला करून मागचा थर सोला, छापलेला वरचा पापुद्रा तेवढा वापरा.

ऐरोली_रंगपेटी: पानं चिकटण्याबद्दल. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्रा. वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो, आत मऊच असतो, आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तर पाणी निघता निघत नाही. अशात वही दाबून ठेवली की दोन पापुद्रे एकजीव होतात. दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा. मग पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा हलकेच घासून कापडाने पुसा. मेणावर पुढे रंग धरत नाही, म्हणून हे सगळ्यात शेवटी. पानांमध्ये केकसाठीचा बेकिंग पेपर घाला, स्टेशनरीतला ट्रेसिंगचा बटर पेपर नको, तोच चिकटून बसतो. आणि वही आडवी थप्पीत न ठेवता उभी ठेवा.

तिकिटाचा कागद उष्णतेने छापणारा आहे का ते आधी बघा. नखाने जोरात घासल्यावर काळी रेघ उठली तर तो तसलाच. त्यावरची अक्षरं काही काळाने उडतात. झेरॉक्स काढून ती चिकटवा. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत नको, पाणी लागताच शाई पसरते.

खाडीकाठ_वाशी: कोऱ्या पानाची भीती वाटते ना? मग पान कोरं ठेवायचंच नाही. काम संपलं की ताटलीत उरलेला रंग कार्डाने पुढच्याच पानावर ओढून टाका. पुढच्या वेळी सुरुवात आधीच झालेली असते. पानं क्रमाने करायची सक्ती नको, मधलं कुठलंही उघडा. पंधरा मिनिटांचा गजर लावा, तो वाजला की थांबा.

रंग दोनच घ्या, जोडीला पांढरा. खाडीतल्या फ्लेमिंगोंचं पान करून बघा: गुलाबी आणि हिरवा. एकमेकांत मिसळले की मळतात, एरवी ती चूक ठरते, इथे तोच चिखलाचा करडा तयार मिळतो. वर पांढरा घालून त्या करड्याच्या तीन छटा करा. खाली ओहोटीचा चिखल, मागे कांदळवनाचा हिरवा पट्टा, तो पूर्ण वाळल्यावरच गुलाबी पक्षी. ओल्यावर गेलात तर पक्षीही करडे होतील. चिखलासाठी वर्तमानपत्र फाडून लावा. ते एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने दातेरी. दातेरी कड पाण्याच्या रेषेला छान दिसते. नाहीच आवडलं तर पातळ पांढरा हात फिरवा, खालचं थोडं डोकावू द्या आणि त्यावर पुन्हा सुरू करा.

मानपाडा_ठाणे: पानं जोडायला घेतली! ऑइल पेस्टल आणि मैद्याची खळ चालेल का?

कागदकाम: पेस्टल शेवटी. त्याच्या तेलकट थरावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. खळ पावसाळ्यात नकोच. बुरशी येते, झुरळं आणि कसर लागते. पुस्तकं बांधणारे बाइंडर तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण तो विषारी, घरात मुलं असतील तर अजिबात नको.