एनबीएचे एवढाले करार: खेळाडू खरंच तेवढ्या पैशांचे असतात का?

डेक्कन_थ्री_पॉइंटर:

पहाटे साडेपाचला उठून मॅच लावणाऱ्या सगळ्या पुणेकरांना विचारतोय. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, जेसन टेटमने जुलै २०२४ मध्ये बॉस्टनशी ५ वर्षांचा, साधारण ३१.४ कोटी डॉलरचा करार केला. तो लागू होण्याआधीच, मे २०२५ मध्ये, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध खेळताना त्याचा अकिलीस (टाचेमागचा कंडरा) तुटला. तिकडे फिनिक्सने ब्रॅडली बीलला जुलै २०२५ मध्ये मोकळं केलं, तरी त्याची रक्कम त्यांच्या हिशेबात २०२९-३० पर्यंत राहणार आहे.

कोर्टवर हा विषय निघाला की दोनच उत्तरं मिळतात. एक, "बॉल टाकायचे एवढे पैसे कुणालाच देऊ नयेत". दुसरं, "मालकाकडे आहेत, तो देतो, तुमचं काय जातंय". दोन्हींनी समाधान होत नाही. करार महाग पडला की स्वस्त, हे ठरवायची काही पद्धत आहे का? कुठले आकडे बघायचे?

वहीखाते_कोथरूड:

पद्धत आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होते. पण आधी पैसा येतो कुठून ते बघा. लीगच्या बास्केटबॉलमधून होणाऱ्या उत्पन्नातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, असं युनियनबरोबरच्या करारातच ठरलेलं आहे. २०२५-२६ पासून टीव्हीचे नवे हक्क सुरू झाले: ११ वर्षांचे ७,६०० कोटी डॉलर. आधीचे होते ९ वर्षांचे २,४०० कोटी. पगार फुगले ते यामुळे. टेटमने कमी घेतले असते तर ते पैसे दुसऱ्या खेळाडूंकडे गेले असते, तिकीट काही स्वस्त झालं नसतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ साठी प्रत्येक संघाची थैली १२० कोटी, वर मॅच फीचे १२.६ कोटी. दहा संघांचे मिळून १,३२६ कोटी. म्हणजे नुसत्या प्रसारण हक्कांच्याही १४ टक्क्यांच्या आत. ऋषभ पंतचे २७ कोटी ऐकून डोळे विस्फारणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

आता मूळ प्रश्न. डॉलर बघू नका, सॅलरी कॅपचा, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला लावलेल्या मर्यादेचा, किती टक्के भाग एका माणसावर गेला ते बघा. २०२५-२६ ची कॅप १५.४६ कोटी डॉलर. टेटमचा पगार ५.४१ कोटी, म्हणजे बरोबर ३५ टक्के.

मग एका विजयाचा भाव काढा. ३० संघ, प्रत्येकी ८२ मॅच, म्हणजे सरासरी संघाचे ४१ विजय. सगळेच किमान पगाराचे खेळाडू घेतले तर १५ जणांचे साधारण ३ कोटी डॉलर होतील आणि तो संघ १२ मॅच जिंकेल असं धरू (२०१५-१६ चा फिलाडेल्फिया १० जिंकला होता, त्यामुळे १२ हा अंदाज हवेतला नाही). उरलेले १२.४६ कोटी खर्चून वरचे २९ विजय विकत घ्यायचे. भाव पडतो विजयामागे साधारण ४३ लाख डॉलर.

टेटमच्या पगारातून किमान पगाराचे २० लाख वजा केले की उरतात ५.२१ कोटी. भागिले ४३ लाख: १२ विजय. म्हणजे त्याच्या जागी किमान पगाराचा माणूस उभा केला तर संघ १२ मॅच जास्त हरायला हवा. हरला तर करार वसूल.

विजय मोजायला बास्केटबॉल-रेफरन्स या साइटवर व्हीओआरपी हा रकाना असतो, किमान पगाराच्या बदली खेळाडूपेक्षा हा माणूस किती सरस ते सांगणारा. त्याला २.७ ने गुणा. निकोला योकिचचा हा आकडा २०२३-२४ मध्ये १० च्या वर होता, म्हणजे २७ विजय. २०२५-२६ च्या भावाने ११ कोटी डॉलरच्या पुढे! त्याला नियमाने त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, कारण मॅक्स, म्हणजे कमाल पगाराचा, करार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांवर अडवलेला आहे, जेवढी वर्षं लीगमध्ये काढली त्यानुसार. १९९७-९८ मध्ये कॅप २.६९ कोटी असताना मायकल जॉर्डनला एकट्याला ३.३१ कोटी मिळाले. त्यानंतरच्या लॉकआउटमधून (मालकांनी लीग बंद ठेवली होती) ही मर्यादा आली. तेव्हापासून सगळ्यात वरचे पाच-सहा खेळाडू कायम स्वस्तात खेळतायत, हे माझं ठाम मत आहे.

रिबाउंड_कर्वेनगर:

वरचा हिशेब चोख आहे, पण व्हीओआरपीवर एवढा भार टाकू नका. हा आकडा बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे मॅचच्या आकडेवारीच्या तक्त्यातून, निघतो. समोरच्या संघाचा मुख्य खेळाडू मार्क करणारा, स्क्रीन (वाट अडवणारा खेळाडू) फोडून वेळेत पोचणारा बचावपटू त्यात दिसत नाही, आणि रिबाउंड-असिस्ट गोळा करणारा सेंटर फुगतो. निदान तीन मोसमांची सरासरी घ्या, आणि तो कोर्टवर असताना व नसताना संघाचा फरक काय होता तेही शेजारी लिहा.

दुसरं म्हणजे हजेरी. बील फिनिक्समध्ये दोन मोसम होता, दोन्हींत ५३-५३ मॅच खेळला. २०२४-२५ चा पगार ५.०२ कोटी. ८२ ने भागलं तर मॅचमागे ६ लाख १२ हजार डॉलर, ५३ ने भागलं तर साडेनऊ लाखांच्या आसपास. करार गॅरंटीड असतात, बाकावर बसलेल्या दिवसाचेही पैसे लागतात.

आणि खरी बुडीत खाती सुपरस्टारची नसतात, मधल्या फळीतली असतात. २०१६ चा उन्हाळा आठवा. कॅप एका फटक्यात ७ कोटींवरून ९.४ कोटींवर गेली, सगळ्यांच्या हातात पैसा आणि बाजारात माल थोडा. लेकर्सनी टिमोफे मोझगॉव्हला ४ वर्षांचे ६.४ कोटी, लुओल डेंगला ७.२ कोटी दिले. निक्सनी जोआकिम नोआला ७.२ कोटी. मोझगॉव्हचे वर्षाला १.६ कोटी म्हणजे त्या कॅपचे १७ टक्के. २०२५-२६ च्या कॅपमध्ये तेच २.६ कोटी होतात. नोआ पहिल्या मोसमात ४६ आणि दुसऱ्यात ७ मॅच खेळला. ३१ वर्षांच्या, गुडघा-खांद्याने दमलेल्या सेंटरला चौथ्या वर्षापर्यंतची गॅरंटी देणं ही चूक. पगाराचा आकडा त्यानंतर येतो.

त्याच उन्हाळ्यात उलट टोकही होतं. घोट्याच्या दुखापतींमुळे स्टेफ करीने २०१२ मध्ये ४ वर्षांचे ४.४ कोटी मान्य केले होते. त्यामुळे २०१६-१७ मध्ये दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस १.२१ कोटींत खेळत होता, म्हणजे कॅपच्या १३ टक्क्यांत. ती जागा मोकळी होती म्हणून त्याच्या गोल्डन स्टेट संघाला केव्हिन ड्युरंटसारखा स्टार घेता आला.

डेक्कन_थ्री_पॉइंटर:

दोघांचेही आभार, आता वाद घालायला हातात काहीतरी आहे. पण बीलचं अजून कळलं नाही. सोडून दिला ना? मग २०३० पर्यंत हिशेबात कसा?

वहीखाते_कोथरूड:

याला 'स्ट्रेच' म्हणतात. नियम असा: उरलेली वर्षं गुणिले २, अधिक १. बीलची दोन उरली होती, ५.३७ आणि ५.७१ कोटींची. म्हणजे पाच वर्षांत विभागायची. मात्र अशा विभागलेल्या मृत पैशांची एकूण बेरीज कॅपच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि फिनिक्सच्या डोक्यावर आधीचे दोन छोटे स्ट्रेच होते. ते बसावं म्हणून बीलने सुमारे १.३९ कोटी सोडले. उरले ९.६९ कोटी, भागिले पाच: दरवर्षी १.९४ कोटी, न खेळणाऱ्या माणसासाठी.

एक बारकावा. १ सप्टेंबरनंतर वेव्ह केलं, म्हणजे सोडलं, तर चालू वर्षाचा पगार जागच्या जागी राहतो, पुढचाच ताणता येतो. नोआला ऑक्टोबर २०१८ मध्ये सोडलं, त्यामुळे फक्त शेवटच्या वर्षाचे १.९३ कोटी तीन भागांत गेले, ६४ लाखांप्रमाणे २०२१-२२ पर्यंत.

एप्रन_औंध:

सगळे कॅपवर बोलताय, पण आता खरी भिंत आहे सेकंड एप्रन, म्हणजे कॅपच्याही वर आखलेली पगारखर्चाची दुसरी रेषा. २०२५-२६ साठी तो २०.७८ कोटींवर. तो ओलांडला की ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, रोख पाठवता येत नाही, मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असतानाही खेळाडू घ्यायची सवलत) जातं, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो. मालक कितीही श्रीमंत असला तरी हे पैशाने सुटत नाही. बॉस्टनने २०२५ मध्ये जरू हॉलिडे आणि पोर्झिंगिसला घालवलं ते याच रेषेखाली यायला. टेटम आणि जेलन ब्राउन दोघांचेच मिळून कॅपचे ६९ टक्के होतात. उरलेल्या तेरा जणांचं काय करायचं सांगा!

म्हणून "वसूल" ठरवताना तिसरा प्रश्न जोडा: या करारामुळे संघाची कोणती दारं बंद झाली? जेलन ब्रन्सनने २०२४ मध्ये ४ वर्षांचे १५.६५ कोटी घेतले. वर्षभर थांबला असता तर ५ वर्षांचे २६.९ कोटी मिळू शकत होते. त्याचा २०२५-२६ चा पगार कॅपच्या २३ टक्क्यांच्या आत आहे, आणि निक्सना बाकीचा संघ उभा ठेवता येतो तो त्यामुळे.

वाढीचंही बघा. स्वतःच्या संघाकडून मिळणारी ८ टक्के वाढ पहिल्या वर्षाच्या पगारावर मोजतात, चक्रवाढ नाही. १०० चे पाचव्या वर्षी १३२. कॅप वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढू शकते, तीही चक्रवाढीने. कॅप जोरात वाढली तर महाग वाटणारा करार दरवर्षी हलका होत जातो. थंडावली तर तोच गळ्यात अडकतो, तेही खेळाडू उतरणीला लागलेला असताना.

फ्री_थ्रो_बालेवाडी:

एवढी चर्चा झाली, पण ज्यांना उघड उघड कमी मिळतं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. केटलिन क्लार्कचा २०२४ चा डब्ल्यूएनबीए (महिलांची लीग) पगार ७६,५३५ डॉलर होता. त्यांचा २०२५ चा कमाल पगार अडीच लाखांच्याही आत. एनबीएत टू-वे करारावरचा, अर्धा वेळ जी-लीगमध्ये (एनबीएची दुय्यम लीग) असणारा मुलगा त्याच वेळी ६ लाख ३६ हजार घेतो. जुलै २०२५ च्या ऑल-स्टारला खेळाडूंनी "आमचं देणं द्या" अशा अर्थाचे टीशर्ट घातले. त्यांची मागणी एनबीएएवढ्या पगाराची नव्हती, उत्पन्नातल्या वाट्याची होती. वहीखात्यांनी वर सांगितलेली ५१ टक्क्यांची ओळ त्यांच्या करारात नव्हती.

डेक्कन_थ्री_पॉइंटर:

हे ध्यानात आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. शेवटचं एक: मग टेटमचा करार मांडायचा कसा? पहिलं वर्ष शून्य धरून?

रिबाउंड_कर्वेनगर:

जवळपास शून्य धरा आणि उरलेल्या चार वर्षांवर बोजा टाका. पाच वर्षांचे ३१.४ कोटी चार वर्षांनी भागले की वर्षाला ७.८५ कोटी. कॅप दरवर्षी ७ टक्के वाढते असं धरलं तर त्याबरोबर विजयाचा भावही वाढतो, चार वर्षांची सरासरी ५१ लाखांच्या आसपास. म्हणजे मोसमाला १५ विजय. अकिलीसनंतर आधी जाते ती पहिली उडी आणि बाजूला सरकण्याचा वेग, शूटिंग शाबूत राहतं. टेटम सहा फूट आठ इंच, डोक्यावरून शॉट घेणारा, आणि दुखापतीच्या वेळी २७ वर्षांचा. १५ अवघड आहेत, पण त्याच्यासारख्याला अशक्य नाहीत. बचावात तो पूर्वीसारखा चार जागा सांभाळतोय का, तेवढं पहिल्या वीस मॅचमध्ये बघा.