संमतिवय: देशागणिक आकडा बदलतो, पण त्या आकड्याने नेमकं काय ठरतं?

धागाकर्ती

संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला दिलेली संमती कायदा ज्या वयापासून मानतो ते वय, हा विषय निघाला की एक यादी हमखास पुढे येते. जर्मनी 14, फ्रान्स 15, ब्रिटन 16, आयर्लंड 17, भारत 18. अमेरिकेत तर राज्य ओलांडलं की आकडा बदलतो: न्यूयॉर्कमध्ये 17, कॅलिफोर्नियात 18, बऱ्याच राज्यांत 16. मग कुणी म्हणतं ते पुढारलेले, कुणी म्हणतं ते बिघडलेले. मला ही यादीच दिशाभूल करणारी वाटते.

जपान बघा. 1907च्या दंडसंहितेतलं 13 हे वय तिथे थेट 2023पर्यंत टिकलं, तेव्हा कुठे ते 16 झालं. पण 13च्या काळातही प्रांतांचे आपापले नियम 18 खालच्या मुलांना संरक्षण देत होते, ते यादीत कधी दिसलं नाही. नव्या कायद्यातही 13 ते 15 वयाच्या मुलांच्या बाबतीत, जबरदस्ती नसेल तर, समोरची व्यक्ती 5 किंवा जास्त वर्षांनी मोठी असेल तरच गुन्हा होतो. कॅनडाने 2008मध्ये 14चे 16 केले. तिथे 14-15 वयाच्या मुलामुलींना 5 वर्षांपेक्षा कमी अंतराच्या जोडीदारापुरती सवलत आहे, पण तीच व्यक्ती शिक्षक किंवा प्रशिक्षक असली तर मर्यादा थेट 18. म्हणजे एकाच देशात तीन आकडे, आणि कुठला लावायचा हे समोर कोण आहे त्यावर ठरतं.

भारतात 2012चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, हे विचारतच नाही. 17 वर्षांच्या मुलीचा 18 वर्षांचा मित्र आणि तिच्यावर डोळा ठेवणारा 40 वर्षांचा शेजारी एकाच कलमाखाली येतात. 2019च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 10 वर्षं, न्यायाधीशालाही ती कमी करता येत नाही. माझं म्हणणं एवढंच: 18 राहू द्या, पण वयातलं अंतर बघा.

साक्षीपुरावा

पूर्ण असहमत. सरळ रेघ का हवी, ते उलटतपासणी पाहिल्याशिवाय कळत नाही. रेघ आहे म्हणून मुलीला 'तू हो म्हणालीस का' हा प्रश्न निरर्थक ठरतो. रेघ पुसट केली की वकिलाचा पहिला प्रश्न तोच असेल.

फ्रान्सचंच घ्या. तिथे 15 हे वय कायद्यात होतं, पण बलात्कार ठरवायला बळजबरी, धमकी वगैरे सिद्ध करावं लागे. 2017मध्ये 28 वर्षांचा माणूस आणि 11 वर्षांची मुलगी अशा प्रकरणात सरकारी वकिलांनी बलात्काराऐवजी हलका आरोप लावला. देशभर संताप उसळला, आणि 2021च्या कायद्याने 15 खाली संमतीचा प्रश्नच काढून टाकला. रेघ नसण्याची किंमत त्या मुलीने मोजली.

धागाकर्ती

त्या प्रकरणाने माझंही रक्त खवळतं. पण त्याच फ्रेंच कायद्यात 5 वर्षांच्या अंतराची अट आहे, ती तुम्ही सोडलीत. रेघ आणि अंतर दोन्ही एकत्र नांदू शकतात. आणि जबरदस्ती असेल तर अंतर दोन महिन्यांचं असो, तो बलात्कारच. सवलतीने त्याला हात लागत नाही.

उलट बाजूही बघा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 17 वर्षांच्या मुलाला 15 वर्षांच्या मुलीशी संमतीने आलेल्या संबंधासाठी 10 वर्षांची शिक्षा झाली. 2007मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती क्रूर ठरवली. तोवर पोराने दोन वर्षांहून जास्त तुरुंगात काढली होती.

परदेशस्थ

मधेच एक शंका. कमी वयाच्या देशात जाऊन कुणी गैरफायदा घेतला तर?

साक्षीपुरावा

भारतीय नागरिकाला भारताचा फौजदारी कायदा परदेशातही लागू असतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका यांचेही असे कायदे आहेत.

परिचारिका

मी धागाकर्तीच्या बाजूने. पॉक्सोच्या कलम 19प्रमाणे गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं सगळ्यांना बंधनकारक, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. परिणाम असा की 17 वर्षांची पोर दिवस गेले तरी आमच्याकडे यायला घाबरते आणि भलतीकडे जाते. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत डॉक्टरने मुलीचं नाव उघड करण्याची गरज नाही असं म्हटलं, तेव्हा आम्हाला थोडा श्वास घेता आला. पण ही भीती दारात उभी असते, ती आत येणाऱ्या मुलीला दिसतेच.

उंबरठा

मी विरोधात, पण माझं कारण वेगळं आहे. या वादाची आपल्याकडची सुरुवात आठवा. 1860च्या दंडसंहितेत वय होतं 10. 1890मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही बालवधू नवऱ्याने केलेल्या संबंधामुळे मेली, आणि ती 10च्या वर होती म्हणून तो बलात्काराच्या आरोपातून सुटला. मग 1891ला हे वय 12 करणारं बिल आलं. आगरकर बाजूने, टिळक विरोधात, आणि विरोधाचा सूर होता की आमच्या घरात परक्या सरकारने डोकावू नये.

वादाच्या मुळाशी तेव्हाही लग्न होतं, आजही आहे. पत्नी 15च्या वर असेल तर गुन्हा नाही, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने बंद केली ती 2017मध्ये! आता 16-17ला सवलत दिली तर आईबापांनी लावून दिलेलं लग्नही कोर्टात 'दोघांची मर्जी' म्हणून उभं राहील. विधी आयोगानेही सप्टेंबर 2023मध्ये वय कमी करू नका असंच सांगितलं.

धागाकर्ती

लग्नाचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता, मान्य. पण आयोगाने त्याच अहवालात 16 ते 18मधल्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत मोकळीक द्या असंही म्हटलंय. म्हणजे अडचण त्यांनाही दिसली. माझी हरकत अशी की ही मोकळीक अटक, कोठडी, खटला सगळं झाल्यावर मिळते. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या 2016 ते 2020च्या सात हजारांवर निकालांच्या अभ्यासात जवळजवळ चारांतलं एक प्रकरण प्रेमसंबंधाचं निघालं.

म्हणून अटी मांडते. 16 खाली सवलत नाही. अंतर 3 वर्षांच्या आत. फिलिपिन्सने 2022मध्ये 12चे 16 करताना हेच अंतर धरलं. अधिकाराच्या नात्यात सवलत नाही. आणि लग्न झालेलं असेल तर सवलत नाहीच.

उंबरठा

शेवटची अट कायद्यात शब्दशः लिहिली जाणार असेल तर माझा विरोध बराच कमी होतो.

साक्षीपुरावा

माझा होत नाही. जन्मदाखला एक तारीख सांगतो, शाळेचा दाखला दुसरी, हे रोजचं आहे. आज फक्त मुलीचं वय सिद्ध करावं लागतं, तुमच्या रचनेत मुलाचंही लागेल. ते कुणी सिद्ध करायचं, सरकार पक्षाने की आरोपीने? भार आरोपीवर टाकलात आणि तपासाच्या पातळीवरच कागद तपासायची सोय ठेवलीत, तर पुढे बोलू.

धागाकर्ती

भार आरोपीवर. सवलत मागणाऱ्यानेच कागद दाखवावा, मला ते चालेल.