नाण्यांच्या ऑनलाइन लिलावाचा आपल्यासारख्या छोट्या संग्राहकाला खरंच काही फायदा आहे का?

ढब्बू_पैसा, अंबाजोगाई
नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. नाण्यांचा नाद मूळ बाबांचा. त्यांच्याकडे साठ-सत्तर शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आहेत, थोडे राणीछाप रुपये, चार अंकुशी, एक चांदोरी (हेही जुने रुपयेच), आणि भोकाचे पैसे तर डबाभर. बहुतेक सगळं आठवडी बाजारातून किंवा मोड घेणाऱ्या भांडेवाल्याकडून, तोही यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा आणि तांब्याच्या भावात द्यायचा. तो भांडेवाला गेला, मुलांनी स्टीलचं दुकान टाकलं, आता आमच्याकडे नवीन नाणं येतच नाही. मी म्हणतोय ऑनलाइन लिलावात नाव नोंदवू, तर बाबा म्हणतात नाणं हातात घेतल्याशिवाय घ्यायचं नसतं, फोटोत सगळ्याच नवऱ्या गोऱ्या दिसतात. त्यांचंही चूक नाही म्हणा. पण तिथे हजार-दोन हजारवाल्याला कोण विचारतं का, वरून किती पैसे लागतात, आणि फसलो तर पुढे काय? आणि ते फेसबुकवर येतं ना, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं लाखाला घेतो म्हणून, ते आणि हे एकच का?

अंकुशी, नाशिक
शेवटचं आधी. ते वैष्णोदेवीवालं शंभर टक्के थोतांड. ते नाणं २०१२ ला निघालं आणि इतकं निघालं की अजून सुट्ट्यात मिळतं. ते लोक आधी तुमच्याकडूनच "कमिशन", "टॅक्स" म्हणून पैसे मागतात, वर रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः पत्रक काढून सांगितलंय की आमचा याच्याशी काही संबंध नाही. लिलाववाले वेगळे, मुंबईचं टोडीवाला, बंगळुरूचं मरुधर, अहमदाबादचं क्लासिकल, यांचे नंबर घातलेले कॅटलॉग निघतात, प्रत्येक लॉटचा (म्हणजे एका बोलीत जाणारं एक नाणं किंवा नाण्यांचा गट) फोटो आणि वर्णन असतं.

आता फायद्याचं. माझ्या मते बोली लावणं हा दुय्यम फायदा आहे, खरा फायदा जुने निकाल बघायला मिळतात हा. माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका डीलरकडून (नाव नको) १९३९ चा जॉर्ज सहावा रुपया घेतला. १९३९ चा म्हणजे माहितीये ना, चांगल्या चांदीचा शेवटचा, फार कमी बाहेर आला म्हणून भाव अफाट. मला "ओळखीत स्वस्त" मिळाला, मी खूश. घरी वजन केलं, ११.६ ग्रॅम, एकदम बरोबर. चुंबकाला चिकटत नाही, आवाज खणखणीत. दोन वर्षं तो डबीत ठेवून मी गावभर मिरवला. मग एका रात्री सहज लिलावांच्या आर्काइव्हमध्ये १९३९ चे जितके रुपये विकले गेलेत ते सगळे काढून बसलो, फोटो झूम करून फक्त साल बघत होतो, आणि पोटात गोळा आला. माझ्या नाण्यावरच्या इंग्रजी नऊच्या खाली डाव्या बाजूला पृष्ठभाग किंचित खरवडल्यासारखा, भिंगातून बारीक ओरखडे दिसतात, आणि नऊचं शेपूट जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबतच नाही. तो १९३८ चा रुपया होता हो, आठाची खालची डावी बाजू कोरून काढून नऊ केलेला. वजन चुकणार कसं, नाणं अस्सलच होतं, साल तेवढं खोटं. हे मला त्या डीलरने सांगितलं नसतं, आणि दहा नाणकतज्ज्ञ ओळखीचे असायला मी काही मुंबईत राहत नाही.

तेव्हापासून नियमच केलाय, काहीही घ्यायच्या आधी तेच नाणं आधी पाच-सहा वेळा विकलेलं बघायचं, वजन, डाय (नाणं पाडायचा ठसा), किंमत सगळं. एसीसर्च, कॉइनआर्काइव्ह्ज, पौर्वात्य नाण्यांना झेनो, या वेबसाइटांवर तासन्तास जातात, बायको म्हणते मोबाइलमध्येच नाणी जमवा, जागा तरी वाचेल. मी सध्या नहपान या क्षत्रप राजाच्या नाण्यांच्या मागे आहे. आमच्या नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये त्याची १३,२५० चांदीची नाणी सापडली होती आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला. म्हणजे एकाच नाण्यावर हरलेला राजा खाली, जिंकलेला वर. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत जाऊन बघितलंय, पण शिक्क्याखालून नहपानाचं नाक आणि ओठ स्पष्ट दिसतायत असं नाणं मी पहिल्यांदा बघितलं ते एका लिलावाच्या फोटोतच. घेतलं नाही, परवडलं नाही. बघायला पैसे पडत नाहीत.

भोकाचा_पैसा, पुणे
अंकुशीराव तुमचं खरं आहे पण तुम्ही सगळं गोडगोडच सांगताय, त्या बिचाऱ्याला खर्चाचं सांगा की. हातोडा पडला १०,००० ला म्हणून खुश व्हायचं नाही, त्यावर लिलाववाल्यांचा प्रीमियम असतो, समजा १५ टक्के, म्हणजे १,५०० गेले, मग जीएसटी, मग विमा घालून कुरिअर. प्रत्येकाचे आकडे वेगळे, अटींचं पान वाचल्याशिवाय बोली लावू नका आणि परत घेण्याचं कलम तर दोनदा वाचा. मी एकदा एक लॉट घेतला, फोटोत निळसर झाक मारणारा सुंदर टोन (जुनेपणाने चढणारा रंग), हातात आल्यावर कळलं कधीतरी चिंच लावून घासलेलं नाणं आहे आणि वरून धुराचा रंग. परत केलं तर म्हणे अनेक नाण्यांच्या लॉटला परतीची सोय नाही, अट क्रमांक अमुक बघा. अट होती. मीच वाचली नव्हती.

आणि दुसरं, भाव. पूर्वी जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं की पोत्यावर पसरलेल्या ढिगातून शिवराई वेचायची, घासाघीस करायची, चहा प्यायचा. आता तिथला पथारीवालाही मोबाइल काढून दाखवतो, "साहेब लिलावात एवढ्याला गेलीये." अहो गेली असेल, पण ती बघा आणि ही बघा! त्याच्या नाण्यावर "छत्र" हा शब्द पण धड नाही आणि भाव सांगतो कॅटलॉगचा.

अंकुशी, नाशिक
हाहा, मान्य. पण तोच मोबाइल तुमच्याही खिशात आहे ना. पूर्वी भाव फक्त त्याला माहीत असायचा.

दिडकी, सोलापूर
मी वेगळ्या बाजूने सांगते. मी पंधरा वर्षं ब्रिटिशकालीन तांबं जमवतेय, पाव आणा, अर्धा पैसा, पै वगैरे. प्रदर्शनात टेबलापाशी उभी राहिले की पहिला प्रश्न "साहेब नाही आले का?", नाहीतर "लॉकेटसाठी हवंय का ताई?" एकाने तर मला भिंगाने टंकसाळ चिन्ह बघताना बघून नाणं हळूच मागे ओढलं, पडेल म्हणून. ऑनलाइन लिलावात मी फक्त एक नंबर असते. माझी बोली जास्त तर नाणं माझं, विषय संपला. शिवाय सोलापूरहून मुंबईला जायचं, राहायचं, लिलावाच्या हॉलमध्ये दिवस घालवायचा आणि आपल्याला हव्या त्या दोन लॉटला दुसराच कोणी हात वर करणार, यापेक्षा इथे स्वयंपाक करता करता बोली लावते.

ढब्बू_पैसा, मॅक्स बिड समजून घ्या नीट. आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवायची. तुम्ही ३,००० टाकले आणि समोरच्या माणसाचा दम १,८०० ला संपला तर तुम्हाला पुढच्या पायरीला मिळतं, १,९०० ला, पूर्ण ३,००० जात नाहीत. पण ती रक्कम ठरवताना प्रीमियम उलटा वजा करून ठरवा आणि मग लॅपटॉप बंद करा. शेवटच्या मिनिटाला ईर्ष्येने केलेल्या खरेदीचा माझा एक स्वतंत्र डबा आहे. आणि हजार-दोन हजारवाल्याला कोण विचारतं म्हणालात, तर शेवटच्या पानांवरचे लॉट बघत जा, मोठे लोक तोपर्यंत दमलेले असतात.

परदेशी_होन, टोरांटो
इकडून थोडं. भारतात शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, ते देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे तिकडच्या लिलावात शिवराई दिसली तरी मी नुसता उसासा टाकतो. मी घेतो ते इंग्लंड-अमेरिकेतल्या लिलावातलं, जे इंग्रज साहेबांच्या पेट्यांतून कधीकाळी इकडे आलं. ऑनलाइन झाल्यामुळे एक मजा अशी झाली की हल्ली चांगलं मराठा नाणं निघालं की भारतातूनच जोरदार बोली येते आणि ते परत घरी जातं. मी हरतो, पण बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

एक सूचना, नांगरताना सापडलेला हंडा वगैरे कोणी विकायला आणला तर हात लावू नका. १८७८ पासून ट्रेझर ट्रोव्हचा कायदा आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. लिलावातल्या नाण्याची निदान पावती असते, आणि नशीब असेल तर आधी कुठल्या संग्रहात होतं तेही कळतं. बाबांच्या नाण्यांचंही लिहून ठेवा, कधी कुठे घेतलं ते. भांडेवाल्याचं नावसुद्धा.

ढब्बू_पैसा, अंबाजोगाई
सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. चार दिवस लिहिलं नाही कारण इकडे वेगळंच सुरू झालंय. अंकुशीकाकांनी सांगितलं म्हणून मी बाबांना जुन्या लिलावांची पानं मोठ्या स्क्रीनवर लावून दिली, दहा मिनिटं बघतील आणि उठतील वाटलं, ते रात्री एक वाजेपर्यंत बसले. मग डबा आणला, माझ्या बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला (तो ग्रॅमच्या पुढचं दाखवत नाही, नवीन मागवलाय) आणि एकेक शिवराई फोटोशी लावून बघायला लागले. आजवर आमच्यासाठी सगळ्या शिवराया सारख्याच होत्या, एकीकडे "श्री राजा शिव", दुसरीकडे "छत्र पति", बस. आता कळतंय की तीन नाण्यांवर "शिव" नाहीये, "सिव" आहे! बाबा चाळीस वर्षं ती नाणी हाताळतायत. मला म्हणाले, हातात घेतलं होतं रे, वाचलं नव्हतं.

साठ-सत्तरातल्या अकरा शिवराया दुदांडी (दोन रेघांच्या) निघाल्या म्हणजे महाराजांच्या नंतरच्या, त्यावर थोडा रुसवा झाला. विकायचं वगैरे काही नाही. पण नोंदणी केली काल, केवायसी वगैरे झालं. येत्या रविवारी एक लॉट आहे, एकच शिवराई, "सिव"वाली पण बिंदूंची कडा जवळपास पूर्ण आलेली, इतकी कडा आमच्या एकाही नाण्यावर नाही. कमाल रक्कम बाबांनी कागदावर लिहून मला न दाखवता घडी घालून देवापाशी ठेवलीये. लॉट नंबर देऊ का, कोणी बघून सांगेल खरी वाटते का?

भोकाचा_पैसा, पुणे
लॉट नंबर इथे टाकू नका हो! मीपण त्याच शिवराईवर नजर ठेवून असेन तर? व्यक्तिगत निरोपात अंकुशीला विचारा.

अंकुशी, नाशिक
मला पण नका पाठवू. मी पण बघतोय रविवारचं :) दिडकीताईंना पाठवा, त्या ब्रिटिशवाल्या.