सोसायटीतील भटक्या मांजरांचे काय करावे?

प्रश्न (कोथरूडकर): आमच्या वाहनतळात एक मांजरी आणि तिची अर्धवट वाढलेली पिल्ले मुक्कामाला आहेत. काही सभासद त्यांना पोत्यात घालून मुळशीकडे सोडून यावे म्हणतात, काही जण रोज दूध ठेवतात. दोन्ही बाजूंना पटेल असा मार्ग आहे काय?

आजोबा_पेठेतले: उपासमार होईल अशा ठिकाणी प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार गुन्हा ठरू शकतो, हे सभेत स्पष्ट सांगावे. शिवाय खरकटे आणि उंदीर आहेत तोवर रिकाम्या जागी दुसरी मांजरे येणारच.

मनीची_मावशी: नसबंदीला पर्याय नाही. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते, त्यामुळे पिल्लांनाही लहान समजून वगळू नका. आधी काही दिवस ठरावीक वेळी, ठरावीक जागीच खाऊ घाला, मग तेथेच पिंजरा लावा. मांजर आत जाताच पिंजऱ्यावर जाड चादर टाकली, की त्याची धडपड बरीच थांबते. भुलीपूर्वी किती वेळ उपाशी ठेवायचे, हे पशुवैद्यांनाच विचारा. शस्त्रक्रियेच्या वेळी कानाचे टोक सरळ कापून घेतले, तर नसबंदी झाल्याची ती खूण लांबूनही दिसते आणि तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी टोचून घ्यावी.

कोथरूडकर: आणि दुधाचे?

मनीची_मावशी: बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. मग तक्रारी आल्याच. उकडलेले बिनमसाल्याचे चिकन आणि पाणी द्यावे व उरलेले लगेच उचलावे.