'रिप्रेझेंटेशन'ला मराठीत शब्द एक की दोन?

पत्रकवाली: आमची फिल्म सोसायटी पुढच्या महिन्यात 'अमेरिकन फिक्शन' (२०२३) दाखवतेय. पत्रकात लिहिलं, 'विविधता आणि प्रतिनिधित्व या विषयांवरील कृष्णविनोदी चित्रपट'. परत वाचलं तर जिल्हा परिषदेचं परिपत्रक! गोष्ट अशी: मंक हा कृष्णवर्णीय लेखक, बोस्टनच्या डॉक्टरांच्या घरातला. त्याची पुस्तकं खपत नाहीत, कारण प्रकाशकांना हवं तसलं 'काळेपण' त्यांत नाही. चिडून तो टोपणनावानं गुन्हेगारी आणि बंदुकांनी भरलेलं एक भडक पुस्तक थट्टा म्हणून लिहितो, आणि गोरे प्रकाशक ते डोक्यावर घेतात. दिग्दर्शक कॉर्ड जेफरसन, पहिलाच सिनेमा, रूपांतरित पटकथेचं ऑस्कर २०२४ मध्ये. तिन्ही शब्द बदलायचेत. सुचवा.

फुकटसल्ला: 'कृष्णविनोद' आधी काढा. आमच्या आईला वाटेल गोकुळातल्या खोड्या आहेत. 'काळा विनोद'ही नको. काळा बाजार, काळा पैसा, काळं तोंड, ही आपली 'काळा'ची संगत. आणि हा सिनेमा त्या विशेषणाशीच भांडतो. पुस्तकाच्या दुकानात मंकला आपल्या कादंबऱ्या आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या कपाटात सापडतात. तिथल्या पोराला तो सुनावतो, यात सगळ्यांत काळं काय असेल तर ती शाई. मग गठ्ठा उचलून स्वतःच दुसरीकडे न्यायला लागतो. 'डार्क कॉमेडी' राहू द्या, लोकांना कळतं. मला विचाराल तर हा सरळ उपहास आहे, पण ते पत्रकावर विकलं जाणार नाही.

चष्मिष्ट: 'विविधता' मात्र ठेवा. हा शब्द आपल्याकडे एकटा फिरतच नाही, शाळेच्या प्रतिज्ञेपासून 'विविधतेने नटलेल्या' असाच येतो. नटणं म्हणजे अंगावर दागिने घालणं. मंकला साहित्य पुरस्काराच्या समितीवर बोलावतात ते याच अर्थानं, समिती जरा नटावी म्हणून. 'वैविध्य' म्हटलंत तर साड्यांचा सेल वाटेल.

खरी अडचण तिसऱ्या शब्दाची. इंग्रजीनं दोन कामं एकाच शब्दावर टाकलीत: कुणाच्या वतीनं उभं राहणं, आणि कुणाला रंगवून दाखवणं. जर्मनमध्ये यांना वेगळे शब्द आहेत, फेरट्रेटुंग आणि डारश्टेलुंग. साहित्य-सिद्धांतकार गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८च्या निबंधात मार्क्सचा आधार घेऊन हीच फोड केली. आपल्याकडेही दोन आहेतच की, प्रतिनिधित्व आणि चित्रण. मग एकावर का भागवायचं?

पुलाखालचं पाणी: सहमत. पण 'प्रतिनिधित्वा'ला मतपेटीचा वास येतो म्हणून तो टाकू नका, तो वासच कामाचा आहे. १९१९ मध्ये मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांचा मुद्दा हाच होता: नुसत्या मतांचं, म्हणजे विचारांचं, प्रतिनिधित्व पुरत नाही, त्या समाजाची माणसंही कायदेमंडळात हवीत. आता सिनेमातली ती समिती बघा. पाच परीक्षक, तीन गोरे, दोन काळे. मंकचंच ते भडक पुस्तक समोर येतं (लेखक कोण हे बाकीच्यांना ठाऊक नाही). दोघं नको म्हणतात, तिघं हो. झालं, तीन विरुद्ध दोन. वर त्या तिघांतूनच निघतं, सध्या काळ्यांचे आवाज ऐकणं फार गरजेचं आहे! ते दोन आवाज त्याच टेबलाशी बसलेत. बाबासाहेबांच्या मुद्द्याची ही उलटी बाजू: माणसं आली, मत नाही आलं.

फुकटसल्ला: आमच्या ऑफिसात अशा जागेला शोभेची खुर्ची म्हणतात.

पत्रकवाली: खुर्ची उचलली! हे कसं वाटतं: 'विविधता यावी म्हणून समितीत दोघांना खुर्च्या मिळतात. त्यांच्या माणसांचं चित्रण कसं असावं, ते उरलेले तिघं ठरवतात. एक डार्क कॉमेडी.' मंकच्या आईचा स्मृतिभ्रंश, बहिणीचा मृत्यू, भावाशी ताणलेलं नातं, यावर एखादी ओळ घालू का?

चष्मिष्ट: घालाच. प्रकाशकांना नको असलेलं चित्रण तेच तर आहे. आणि 'प्रतिनिधित्व' शब्द न वापरता तुम्ही ते दाखवलंत, हे बेस्ट.

पुलाखालचं पाणी: तुम्ही 'कृष्णवर्णीय' लिहिलंत, मी 'काळे' लिहिलं. त्यावर भांडायचं राहिलंच की.