‘परिवलन’, ‘परिभ्रमण’ आणि चंद्राची पाठ

मुलीच्या भूगोलात वाक्य आहे : चंद्राच्या परिवलनाचा आणि परिभ्रमणाचा कालावधी सारखाच असतो. तिनं दोन्हींचा अर्थ ‘फिरणे’ लिहिला आणि पुढे जोडलं, ‘चंद्र स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून एकच बाजू दिसते.’ चुकलंय हे कळतं, पण समजावू कसं? आणि एकच बाजू अशी कायम समोर राहण्याला इंग्रजीत ‘टायडल लॉकिंग’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

— घोळ ‘फिरणे’नं घातलाय. पंखा फिरतो, घार गावावर फिरते, माणूस अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो. परिवलन स्वतःच्या आसाभोवती, परिभ्रमण दुसऱ्याभोवती. चंद्राला दोन्हींना २७.३ दिवस लागतात. दोन्ही शब्द ‘परि’चे, आम्हीही परीक्षेत उलटसुलट लिहायचो.

— ताई, देवळातला शब्द घ्या : प्रदक्षिणा. देव कायम उजव्या हाताला. एक फेरी होईतो तुमचं तोंड चारी दिशांना होऊन येतं, म्हणजे नकळत स्वतःभोवती एक गिरकीही झाली. आरतीनंतर जागच्या जागी घेतो तीच, फक्त फेरीभर पसरलेली. देवाला मात्र तुमची उजवी बाजूच दिसली. आता तोंड सतत पूर्वेलाच ठेवून, खेकड्यासारखं सरकत फेरी मारा. देवाला पाठही दिसेल. मुलीला पाटाभोवती चालवून बघा.

— उपमा झकास, पण शब्दाला जागायचं तर उत्तरेकडून पाहता चंद्र घड्याळाच्या उलट जातो. पृथ्वी त्याच्या डाव्या हाताला. उलटी प्रदक्षिणा!

— टायडल लॉकिंगला मी ‘भरतीबंध’ म्हणेन. अडचण एवढीच की भरती म्हटलं की डोळ्यांपुढे पाणी येतं, आणि चंद्रावर समुद्र नाही. पण ओढ खडकालाही बसते. पृथ्वीच्या ओढीनं चंद्राला किंचित फुगवटा आला. पूर्वी तो भराभर गरगरायचा, तेव्हा हा फुगवटा पुढे सरके आणि पृथ्वी त्याला मागे खेची. होता होता गिरकी फेरीच्या तालावर आली. प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन यांनी तर एकमेकांनाच बांधून घेतलंय, ६.४ दिवसांत एक फेरी. ती खरी फुगडी.

— ‘चंद्राची काळी बाजू’ तेवढी हद्दपार करा. अमावास्येला आपल्याकडची बाजू अंधारात असते तेव्हा पलीकडे लख्ख ऊन असतं. ‘अज्ञात बाजू’ही आता चालणार नाही : १९५९ मध्ये सोव्हिएत यान लूना-३ नं तिचे फोटो काढले, ३ जानेवारी २०१९ ला चीनचं यान चांग-ई ४ तिथे उतरलं. मला ‘पाठमोरी बाजू’ आवडतं.

— छान आहे, पण अगदीच पाठमोरी नाही हो. गिरकी एका लयीत, फेरीचा वेग मात्र लंबगोल कक्षेमुळे कमीजास्त. शिवाय आस थोडा कललेला. म्हणून चंद्र डुलल्यासारखा दिसतो आणि एकूण ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला पाहायला मिळतो. पुस्तकी शब्द ‘दोलन’, पण त्यानं लंबक आठवतो. ‘डुलणे’च बरं.

— पाटावर आजीला बसवून मुलीला फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला आजी म्हणाल्या, “अगं, एकाच कानातलं डूल दिसतंय. दुसरं हरवलंस की काय?”